विचारल्याने सिस्टर लहान होत नाही

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद चालू आहे. सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात सिस्टरने माझ्या धाकट्या काकांना "घरी इन्सुलिन कधी घेता? इथेही स्वतःच टोचून घ्याल का?" असे विचारले आणि "पेशंटनेच सगळे करायचे तर बिल कशाचे?" म्हणून सगळे तिच्यावर तुटून पडले. मला त्या सिस्टरचेच बरोबर वाटते.

मी इंग्लंडमध्ये नर्स आहे. लेस्टरमधल्या माझ्या वॉर्डात सकाळचा हँडओव्हर, म्हणजे रात्रीच्या सिस्टरने दिवसाच्या सिस्टरला रुग्णाची माहिती देणे, खाटेपाशीच होतो. रात्रीची सिस्टर सांगत असताना "उलटी दोनदा नाही, तीनदा झाली" असे रुग्ण मध्येच सांगतो आणि तेवढ्यावरून आम्ही त्याचा फ्लुइड चार्ट, म्हणजे शरीरात किती पाणी गेले आणि किती बाहेर पडले याचा तक्ता, दुरुस्त करतो. इथल्या नर्सिंगच्या 2015 च्या आचारसंहितेत रुग्णाच्या भागीदारीत काम करणे हे कर्तव्यच आहे. तेरा वर्षांच्या मार्था मिल्सच्या 2021 मधल्या मृत्यूनंतर, आईवडिलांची शंका ऐकून न घेणे किती महागात पडते हे इंग्लंडला कळले. 2024 पासून तिच्या नावाच्या नियमानुसार अनेक रुग्णालयांत नातेवाईक थेट दुसऱ्या तज्ज्ञ पथकाला बोलावू शकतात.

ग्रुपवरचा ठरलेला आक्षेप असा की आपले लोक अडाणी, त्यांना काय विचारायचे. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीचा चोख हिशेब ठेवणाऱ्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बाईला तीन गोळ्यांचा हिशेब जमणार नाही, हे मला कोणी सांगू नये. अक्कलकोटहून आलेल्या आजीला कन्नडमध्ये सांगावे लागेल, एवढेच. एकेका सिस्टरवर किती खाटांचा भार असतो हे मी जाणते; पण अंग पुसणे, कूस बदलणे, लघवी मोजणे हे आपल्याकडे नातेवाईकच करतात, मग ते कशासाठी आणि कशावर लक्ष ठेवायचे, एवढे त्यांना सांगायला काय हरकत आहे? 2021 पासून महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांत रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावावी लागते. ती भिंतीवरून खाटेपर्यंत पोहोचलेली नाही.

हे मी इतक्या तावातावाने लिहिते त्याला कारण आहे. इथल्या परक्या आजोबांना उशी कशी हवी हे मी रोज विचारते, आणि आई आजारी होती तेव्हा ती कोणत्या कुशीवर झोपते हे मला शेजारच्या काकूंना फोनवर विचारावे लागले. माझ्यापेक्षा त्याच तिच्या अधिक जवळच्या होत्या. औषध बदलल्यापासून आई रात्री बरळते हे त्यांच्या लक्षात आले होते, पण राउंडच्या वेळी त्यांना बाहेर काढत, आणि नंतरही त्यांना कोणी काही विचारले नाही. नर्सिंगच्या कागदावर "सोबत असलेल्यांचे म्हणणे" असा एक रकाना असता, तर ते तिथे लिहिले गेले असते.