‘नर्स प्रॅक्टिशनर व्हा, स्वतःचा दवाखाना टाका’ : मेसेजमधल्या दाव्यांना उत्तर

प्रवेशाच्या दिवसांत नर्सिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: ‘नव्या कायद्याने नर्सना डॉक्टरचे अधिकार मिळाले. नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स करा, स्वतः औषधे लिहा, दवाखाना टाका. जीएनएम चालेल. सहा महिन्यांचा कोर्सही चालेल. याच डिग्रीवर थेट अमेरिकेत नोकरी.’ (नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे जादा शिक्षण घेऊन ठरलेल्या कक्षेत उपचाराचे काही निर्णय घेणारी नर्स; जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा.) या मेसेजवर चिडून दुसऱ्या टोकाचे उत्तर येते: ‘डॉक्टरच्या सहीशिवाय नर्सने कशालाच हात लावायचा नाही.’ दोन्ही विधाने चुकीची आहेत. पहिल्यावर विश्वास ठेवून मुली कर्ज काढतात, म्हणून आधी त्याकडे वळू.

‘नव्या कायद्याने डॉक्टरचे अधिकार मिळाले.’

राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी तो केला आहे. राष्ट्रीय आयोग, राज्य आयोग, शिक्षणाचा दर्जा, नोंदवही हा त्याचा गाभा. औषधाच्या दुकानात कोणाची चिठ्ठी चालते हा प्रश्न मात्र औषध नियम, १९४५ सोडवतात. या नियमांच्या शेड्यूल एच आणि एच-१ या याद्यांमधली औषधे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच विकता येतात, आणि त्या व्यावसायिकाची व्याख्या वैद्यकीय नोंदवहीशी बांधलेली आहे. नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापला म्हणून ती चिठ्ठी वैध होत नाही.

वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्याचे कलम ३२ या मेसेजमध्ये अर्धेच सांगतात. त्यात ‘कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर’ला मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. पण तो परवाना आयोगाने द्यायचा, आयोगाच्या निकषांवर द्यायचा, आणि अशांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावी. ठरवून दिलेली औषधे स्वतंत्रपणे लिहायची ती फक्त प्राथमिक व प्रतिबंधक आरोग्यसेवेत. बाकी सगळीकडे डॉक्टरच्या देखरेखीखाली. कोणताही नर्सिंग कोर्स केला की हा परवाना आपोआप हातात पडतो, असे त्या कलमात कुठेही नाही.

त्याच कायद्याचे कलम ३४ मेसेजमध्ये कधीच नसते. वैद्यकीय नोंदवहीत नाव नसताना वैद्यकी केली तर एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय ज्या शास्त्रात आपली नोंदणी नाही त्यातली औषधे देणे हाच निष्काळजीपणा ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका होमिओपॅथी पदवीधराच्या प्रकरणात म्हटले. म्हणजे ‘औषध बरोबरच दिले होते’ हा बचाव पुरत नाही.

‘जीएनएम चालेल, सहा महिन्यांत होते.’

भारतात नर्स प्रॅक्टिशनर हे नाव मुख्यतः दोन अभ्यासक्रमांना लागते. पहिला अतिदक्षता विभागासाठी: एम.एस्सी. नर्सिंगच्या दर्जाचा, दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम. प्रवेशाला नर्सिंगची पदवी, चालू नोंदणी आणि किमान एक वर्षाचा रुग्णसेवेचा अनुभव लागतो. जीएनएम झालेल्यांना आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी, करावी लागते. यात वर्गातले शिक्षण व स्किल लॅब मिळून साधारण २० टक्के आणि ८० टक्के काम रुग्णाच्या खाटेपाशी असते. म्हणून ज्या संस्थेकडे चालते आयसीयू नाही, तिच्याकडे हा अभ्यासक्रम होऊच शकत नाही.

दुसरा प्रसूतिसेवेसाठी: केंद्राच्या २०१८ च्या मिडवाइफरी मार्गदर्शक सूचनांनुसार १८ महिन्यांचा. इथे जीएनएम चालते, पण नोंदणी आणि अनुभव हवाच. ही मिडवाइफ कमी जोखमीची बाळंतपणे मिडवाइफच्या नेतृत्वाखालच्या कक्षात हाताळते. रक्तदाब १४०/९० किंवा वर गेला, बाळाचे ठोके ११० च्या खाली किंवा १६० च्या वर राहिले, पाण्यात बाळाची शी दिसली, की तिने डॉक्टरला बोलवायचे. ही सीमा वेळेत ओळखणे हे तिचे सगळ्यात अवघड कौशल्य आहे आणि ते ऑनलाइन व्हिडिओतून येत नाही.

एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा वेगळा. तो उपयुक्त आहे, त्याने नर्स प्रॅक्टिशनर होत नाही.

सहा महिन्यांचा गोंधळ येतो तो समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या (सीएचओ) प्रमाणपत्रावरून. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली, आताची आयुष्मान आरोग्य मंदिरे. तिथे सीएचओ नेमतात, महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगबरोबर बीएएमएस (आयुर्वेद), बीयूएमएस (युनानी) झालेलेसुद्धा. बी.पी., मधुमेहाची औषधे सीएचओ देतात हे खरे. पण डॉक्टरने निदान करून सुरू केलेले उपचार ते पुढे चालू ठेवतात, आणि नवा रुग्ण ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला दाखवतात. हा अधिकार त्या पदाला, त्या केंद्राला आणि सरकारी औषधसाठ्याला जोडलेला आहे. राजीनामा दिला की तो तिथेच राहतो. गावात खोली भाड्याने घेऊन तो सोबत नेता येत नाही.

‘डॉक्टरच्या सहीशिवाय नर्सने कशालाच हात लावायचा नाही.’

हे आता उलट बाजूचे. उपकेंद्रातल्या एएनएमकडे, म्हणजे परिचारिका-प्रसाविकेकडे, पाहा. झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मग पुढे पाठवायचे, ही केंद्राचीच मार्गदर्शक सूचना आहे: ५० टक्क्यांचे, २ मिलीत १ ग्रॅम असलेले पाच अँप्युल एका कुल्ल्यात आणि पाच दुसऱ्या कुल्ल्यात, स्नायूत खोल, एकूण १० ग्रॅम. तिथे सहीची वाट पाहिली तर बाई दगावते.

आयसीयूतल्या नर्स प्रॅक्टिशनरचेही काम असेच लेखी स्थायी आदेशावर, म्हणजे कोणत्या स्थितीत काय करायचे हे आधीच ठरवून दिलेल्या प्रोटोकॉलवर, चालते. तिच्या अभ्यासक्रमातच संस्थेच्या प्रोटोकॉलनुसार औषधे देणे आणि तपासण्या सांगणे धरलेले आहे. आता प्रोटोकॉल म्हणजे काय हे नीट समजून घ्यायला हवे, कारण बहुतेक घोळ इथेच होतात.

पोटॅशियम कमी झालेल्या रुग्णाचे उदाहरण घ्या. ‘के कमी असल्यास केसीएल १ अँप’ (के म्हणजे पोटॅशियम, केसीएल म्हणजे पोटॅशियम क्लोराइड) एवढेच भिंतीवर चिकटवले असेल तर तो प्रोटोकॉल नव्हे, अपघाताची तयारी आहे. आपल्याकडे १५ टक्क्यांच्या १० मिली अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचे एकक) पोटॅशियम असते. सौम्य न करता थेट शिरेत गेले तर हृदय थांबते. नीट लिहिलेला आदेश असा असतो: पोटॅशियम ३ ते ३.५ च्या दरम्यान, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी) ठरलेल्या मर्यादेत, लघवी ताशी प्रतिकिलो अर्धा मिलीपेक्षा जास्त, हे तिन्ही असेल तरच २० मिलिइक्विव्हॅलंट १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये, सेंट्रल लाइनमधून (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतली नळी), इन्फ्युजन पंपावर, मॉनिटर लावून, किमान एका तासात. हाताच्या शिरेतून द्यायचे तर अधिक सौम्य करून, तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नाही. नंतर पुन्हा तपासणी. मॅग्नेशियम कमी असेल तर आधी ते पाहायचे, नाहीतर पोटॅशियम वर येतच नाही. ३ च्या खाली असेल, ईसीजी बदलला, लघवी घटली, तर डॉक्टरला लगेच फोन.

खाली डॉक्टर, नर्सिंग प्रमुख आणि फार्मसी यांच्या सह्या, लागू झाल्याची तारीख आणि पुनरावलोकनाची तारीख. दुसऱ्या रुग्णालयाचा कागद झेरॉक्स करून वापरतात तिथे अँप्युलची तीव्रता वेगळी निघते. पुनरावलोकन न केलेल्या कागदावरचे डॉक्टर कधीच नोकरी सोडून गेलेले असतात. रात्री काही झाले की त्या नर्सच्या बाजूने उभा राहील असा एकही कागद उरत नाही. ज्या रुग्णालयांना रात्रपाळीच्या डॉक्टरचा पगार वाचवायचा असतो ती ‘तुम्ही प्रॅक्टिशनर आहात ना, बघून घ्या’ असे तोंडी सांगतात. असा तोंडी अधिकार घेऊ नका. लेखी मागा, आणि मिळेपर्यंत फोनवरचा प्रत्येक आदेश वेळ, डोस आणि डॉक्टरच्या नावासह नोट्समध्ये लिहून, वाचून दाखवून पक्का करा.

‘याच डिग्रीवर थेट अमेरिकेत.’

अमेरिकेत प्रगत नर्सिंगच्या चार भूमिका मानतात: नर्स प्रॅक्टिशनर, क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट, भूल देणारी नर्स आणि नर्स-मिडवाइफ. आधी शिक्षणाची पडताळणी करून आणि एनक्लेक्स ही परवाना परीक्षा देऊन साधी नोंदणीकृत नर्स व्हायचे, मग तिथे मान्यता असलेली पदव्युत्तर पदवी, मग ठरलेल्या रुग्णगटासाठी राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा, मग राज्याचा परवाना. प्रमाणपत्र एकदाच मिळून संपत नाही. एएएनपी या नर्स प्रॅक्टिशनरांच्या संघटनेचे प्रमाणन मंडळ पाच वर्षांनी नूतनीकरणाला १,००० तास रुग्णसेवा आणि १०० तास निरंतर शिक्षण मागते, त्यातले २५ औषधशास्त्राचे. नाहीतर परीक्षा पुन्हा. कुटुंबसेवेचे प्रमाणपत्र घेऊन आयसीयूत काम करणे तिथेही कक्षेबाहेरचे मानले जाते. काही राज्यांत स्वतंत्र व्यवसाय करता येतो, टेक्साससारख्या राज्यात औषध लिहायला डॉक्टरबरोबर लेखी करार लागतो. ऑस्ट्रेलियात पदव्युत्तर पदवीबरोबर मागच्या सहा वर्षांत ५,००० तास प्रगत पातळीचे काम दाखवावे लागते.

भारतातली क्रिटिकल केअरची दोन वर्षे तिकडे अनुभव म्हणून नक्की मोलाची ठरतात. पदनाम म्हणून नाही. तेव्हा फी भरण्याआधी संस्थेकडे तीन कागद मागा: भारतीय परिचर्या परिषदेचे या नेमक्या अभ्यासक्रमाचे चालू वर्षाचे मान्यतापत्र, विद्यापीठाचे संलग्नतापत्र (महाराष्ट्रात बहुतेकदा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ), आणि ज्या आयसीयूत ८० टक्के वेळ जाणार त्या रुग्णालयाशी असलेला करार. तिसरा कागद मागितल्यावर विषय बदलणाऱ्या संस्थेत प्रवेश घेऊ नका.