हौसेवर पैसे घाला, खुशाल घाला

माझं अगदी स्पष्ट मत आहे, पैशाने आनंद विकत घेता येतो. फक्त तो पैसा आपण स्वतः करत असलेल्या गोष्टीवर लागला पाहिजे, दाखवायच्या वस्तूवर नाही.

मागच्या बोनसमधून मी मिरजेचा तानपुरा घेतला. घरच्यांनी साथ दिली पण नातेवाईकांत चर्चा झालीच, या वयात कुठे गायिका होणारेस, तेवढ्यात चार ग्रॅम सोनं आलं असतं, आणि मोबाईलवर फुकट वाजतो की तानपुरा! वाजतो, खरंय. मी कितीतरी वर्षं त्या ॲपवरच रियाज केलाय आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी तेच वापरावं, काहीही बिघडत नाही. पण ॲप कायम सुरातच असतं, आपल्या कानाला तिथे काही कामच उरत नाही. खरा तानपुरा रोज लावावा लागतो. आधी पंचमाची (प) तार, मग जोडीचे दोन षड्ज (सा), मग खर्ज (खालचा सा), खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखालचा सुताचा धागा केसभर पुढे केसभर मागे करत बसायचं, आणि मग एकदम जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा झंकार, खुलते आणि खर्जाच्या तारेतून कुणीही न लावलेला गांधार (ग) ऐकू यायला लागतो. स्वयंभू गांधार म्हणतात त्याला. क्लासमध्ये त्याच्याबद्दल ऐकलं होतं, पण मी स्वतः लावलेल्या तानपुऱ्यातून तो माझ्या कानाला सापडला तेव्हा मला जे झालं ते त्या चार ग्रॅम सोन्याने झालं नसतं. लॉकरमध्ये ठेवलेल्या सोन्याकडे मी वर्षातून एकदा बघते, तानपुरा रोज हातात असतो.

आणि त्याहून जास्त आनंद मला ज्या खर्चाने दिला तो कुणाला दिसतही नाही. मी पोळ्यांना मावशी लावल्या. एवढंच. नोकरी करणाऱ्या बाईची सकाळ कशी जाते हे मी वेगळं सांगायला नको, डबे, कणीक, कुकर आणि धावत लोकल. आता त्यातला पाऊण तास माझा झालाय, दार लावून मी भैरव रागाचा रिषभ (रे) घोटत बसते आणि त्या वेळात कुणीही मला काही मागत नाही. या खर्चावरून मला अजून लोक विचारतात की चार पोळ्या लाटायला काय होतं तुला. होत काहीच नाही हो, पण वेळ विकत मिळत असेल आणि परवडत असेल तर तो घ्यावा, माझ्या मते हौसेवरचा सगळ्यात चांगला खर्च हाच.

दुसरा चांगला खर्च म्हणजे गुरूंची फी. इथे आपली माणसं फार हात आखडता घेतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो. फोन दर दोन वर्षांनी बदलणार, पण गाणं शिकवणाऱ्या बाईंनी फी थोडी वाढवली की लगेच कुरकुर. त्या बाईंनी विशारद, अलंकार अशा संगीताच्या परीक्षा करून उभा जन्म त्यात घातलाय, आपला एक चुकलेला कोमल स्वर नीट लागेपर्यंत त्या पन्नास वेळा ऐकून घेतात, त्याची किंमत नको द्यायला?

आता आनंदाचे अभ्यास बरेच झालेत. काहनेमन आणि डीटन या संशोधकांनी 2010 साली म्हटलं की वर्षाला साधारण 75,000 डॉलरच्या पुढे उत्पन्न गेलं की रोजचं सुख फारसं वाढत नाही, मग 2023 मध्ये त्याच काहनेमननी किलिंग्जवर्थबरोबर परत आकडे तपासले तर बहुतेकांचं सुख पुढेही वाढत जाताना दिसलं. ठीक आहे, पण हे झालं कमाईचं. माझ्या आजूबाजूला बघितलं तर फरक पडतो तो खर्च कुठे झाला त्याने. भारी कॅमेरा घेऊन कपाटात ठेवलेले लोक मला माहितीयत आणि साध्या दुर्बिणीवर दर रविवारी पक्षी बघत फिरणारे पण.

अजून एक, हौसेचा पैसा कुणाच्या तरी चुलीपर्यंत पोचतो. मिरजेची शिकलगार मंडळी मुळात हत्यारं बनवणारी, एकोणिसाव्या शतकात ती तंतुवाद्यांकडे वळली आणि पिढ्यान्पिढ्या तेच करतायत. भोपळे पंढरपूरकडून येतात, ते वाळवायचे, कापायचे, लाकडाची दांडी जोडायची, सगळं हाताने. 2024 मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, छान झालं, पण नुसत्या मानांकनाने घर चालत नाही, गिऱ्हाईक लागतं. घोडीचा माथा झिजून जवारी बिघडली की ती परत काढून घ्यायलाही त्यांच्याकडेच जावं लागतं, आणि ते कान देऊन घोडी घासत बसलेले असतात ना, ते बघायलाच मी तासभर थांबले होते.

कर्ज काढून किंवा मुलांच्या फीचे पैसे मोडून घ्या असं मी कुणालाच म्हणणार नाही. पण हप्ते फिटलेत, मुलं मार्गाला लागलीत, तरी हार्मोनियमचे पैसे एफडीत टाकणारे माझ्या ओळखीत खूप आहेत, त्यांच्यासाठी लिहिलंय हे सगळं. तानपुरा घ्यायचा असेल तर आधी आपली पट्टी, म्हणजे आपला सा पेटीच्या कुठल्या सुरावर ते, गुरूंकडून पक्की करून घ्या, बायकांची साधारण काळी चार-पाच, पुरुषांची काळी एक-दोन, त्यावर भोपळ्याचा आकार आणि तारा ठरतात. आणि ऑनलाइन फोटो बघून मागवू नका, मिरजेला जा, दुकानात निवांत मांडी घालून बसा आणि चार-पाच तरी वाजवून बघा.