उष्टं कोण खाणार?

आमच्या घरात सासूबाईंचं आणि जागतिक आरोग्य संघटनेचं एकमत झालं, तो दिवस मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवलाय. असा योग पुन्हा येईल याची खात्री नाही.

झालं असं, की लेकीला पाचवा महिना लागल्यापासून सासूबाईंनी उष्टावणाचा धोशा लावला होता. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात, मुलाचं सम महिन्यात, ही सासूबाईंच्या राजापूरची राज्यघटना. "बघ कशी आपल्या घासाकडे टक लावून बघतेय, जीव अडकलाय तिचा त्या पोळीत." जीव कसला, तिला ताटाचा आवाज आवडायचा. इकडे डॉक्टर जिनिव्हाच्या त्या आरोग्य संघटनेचा नियम सांगत होते, सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नको. आता घरात महायुद्ध होणार म्हणून मी तयारीत होते. मग एका रात्री तिला पाजता पाजता डोक्यात प्रकाश पडला. सहा पूर्ण, म्हणजे सातवा लागला! सात विषम. जिनिव्हा खूश, राजापूर खूश.

माझी रजाही त्याच हिशोबात अडकली होती. कायद्याने बाळंतपणाची रजा २६ आठवडे, म्हणजे बरोबर सहा महिने. ज्याने हा आकडा काढला त्याने दुधाचा हिशोब नीट केला होता. पण पाय सुजले म्हणून मी त्यातले दोन आठवडे आधीच खर्ची घातले होते. साठवलेली चार आठवड्यांची रजा जोडली, तेव्हा उष्टावणापासून ऑफिसपर्यंत जेमतेम पंधरवडा हाताशी आला. ज्या बाईला जन्मापासून एकच पदार्थ माहीत, तोही चोवीस तास कोमट आणि नुसतं 'ट्यँ' केलं की हजर, तिला पंधरा दिवसांत डोंबिवलीच्या स्वयंपाकघरावर आणायचं होतं.

पहिली ठिणगी खिरीवरून पडली. वर्षाच्या आत साखर नको, मीठ नको, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. सासूबाईंनी कागद चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला, आणि विचारलं, "ही खीर आहे की पथ्य?" मग मध तरी घालू म्हणाल्या. मध तर त्याहून नको. त्यात कधीकधी जिवाणूंची बीजं असतात, मोठ्यांना ती पचतात, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ती रुजून विष तयार करू शकतात. हे मी जमेल तसं सांगितलं. "आमच्याकडे जन्मल्या जन्मल्या मध चाटवायचे. तुझ्या नवऱ्यालाही चाटवलाय, झालं का काही त्याला?" मी नवऱ्याकडे पाहिलं. तो तेव्हा मोज्याची जोडी शोधत होता, एक मोजा पायात असताना. पुरावा म्हणून फारसा उपयोगाचा नव्हता. शेवटी मऊ शिजवलेल्या तांदळात खजूर कुस्करून तह झाला.

उष्टावणाला मामा हवा, म्हणून माझा भाऊ सोलापूरहून रात्रभर सिद्धेश्वर एक्सप्रेसने आला. सोबत आईने दिलेली चांदीची वाटी आणि ज्वारीच्या कण्यांची पिशवी. (त्या पिशवीबद्दल पुढे येईलच.) पाट मांडला, रांगोळी काढली, लेकीला खणाचं परकर-पोलकं घातलं. मामाने तिला मांडीवर घेतलं, सोन्याची अंगठी खिरीत बुडवून तिच्या ओठाला लावली. तिने अंगठी पकडली. ती सोडवण्यात दहा मिनिटं गेली. मग चमचा. चमचा आत गेला आणि तिचा चेहरा असा झाला की जणू कुणीतरी तिच्याशी इमानदारी सोडून वागलं होतं. कपाळावर तीन आठ्या, एक भुवई वर, आणि मग सावकाश, अगदी शिस्तीत, जीभ बाहेर आली. जिभेवर खीर. खीर हनुवटीवर, हनुवटीवरून खणावर, खणावरून मामाच्या नव्या कुर्त्यावर.

"नाही आवडली तिला," माझी आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली.

"साखर नाही ना," सासूबाई.

दोघींचंही चूक होतं, हे मला नंतर कळलं. सहा महिने जीभ पुढे ढकलून चोखायची सवय असते. घास मात्र मागे न्यावा लागतो. म्हणजे बिचारीला गाडी पहिल्यांदाच रिव्हर्समध्ये घ्यायची होती. त्याला नावड म्हणत नाहीत. पण त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष वाटीकडे. चांदीच्या वाटीत एवढी खीर उरलेली. उष्टावणाची खीर टाकायची नसते, असं सासूबाईंनी जाहीर केलं आणि वाटी माझ्या हातात दिली. मी खाल्ली. तेव्हा वाटलं, एक दिवसाचा प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवसापासून राजापूर विरुद्ध सोलापूर. सासूबाई म्हणत उकड्या तांदळाची पेज, माझी आई म्हणे ज्वारीच्या कण्या. "कण्या पोटाला जड," इकडून. "पेजेत आहे काय? हात धुवायचं पाणी," तिकडून. दोघींचं एका गोष्टीवर मात्र एकमत, ते म्हणजे मुगाच्या डाळीचं वरचं पाणी. मी आनंदाने डॉक्टरांना सांगायला गेले. डॉक्टर म्हणाले, "पाण्याला पाणीच म्हणायचं. डाळ कुठाय? ती तुम्ही खाल्लीत." खरंच मी खाल्ली होती. मग त्यांनी चमचा घेऊन दाखवलं, की चमचा तिरका केल्यावर जे भसकन ओघळतं ते बाळाचं जेवण नव्हे. पोट एवढंसं, ते पाण्याने भरलं तर ताकद कुठून येणार? आणि सहा महिन्यांनंतर बाळाने जन्माच्या वेळी सोबत आणलेला लोहाचा साठा संपत येतो, दूध एकटं तो भरून काढू शकत नाही. घरी येऊन मी हे सांगितलं, तर सासूबाई दोन तास बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझी तिन्ही मुलं डाळीच्या पाण्यावर वाढली." पुरावा अजून मोजा शोधत होता.

चमच्याच्या या नियमाने पुढे मलाच तोंडघशी पाडलं, तेही नाचणीच्या बाबतीत. सासूबाईंनी नाचणी निवडून, धुऊन, रात्रभर भिजत घातली, मलमलच्या फडक्यात बांधून नळाला टांगली. दोन दिवस आमचा नळ फडक्यातून गळत होता. मोड आले, मग ती पंख्याखाली जुन्या साडीवर सुकवली, मंद आचेवर भाजली, मिक्सरमधून काढली, पुन्हा मलमलमधून चाळली. एवढ्या खटाटोपातून निघालं काय, तर डबाभर पीठ आणि स्वयंपाकघरभर वास, ज्याच्यासाठी मी आजही उठून बसेन. पहिल्या दिवशी एक चमचा पीठ शिजवलं. पातळ. आणखी एक घातलं, तरी पातळच. तिसरा, चौथा. गॅस मंद आहे का पाहिलं. सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. पाचव्या चमच्याला म्हणाल्या, "अगं, मोडाचं पीठ कधी घट्ट होतं का?"

होत नाही. मोड येताना धान्यात जो द्रव्याचा कारखाना सुरू होतो, तो पिठातल्या स्टार्चचे तुकडे करतो, म्हणून लापशी घट्ट होत नाही, पण पीठ मात्र जास्त मावतं. म्हणजे ओघळते, पण दमाची असते. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "हो, ही चालेल. उत्तमच." सासूबाईंनी काही म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसाठी एक डबा बांधून दिला. डॉक्टरांना सत्तरीत दात आहेत, तरीही.

मधल्या काळात घाबरून मी दुकानातून तयार डबाही आणला होता. त्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र नसतं, कधी लक्षात आलंय का? १९९२च्या कायद्याने ते छापायला बंदी आहे. नवऱ्याचं मत असं, की बंदी कशाला, जेवणाऱ्या बाळाचा खरा फोटो छापू द्यावा, डब्याची विक्री आपोआप थांबेल.

लाल भोपळ्याचं तेवढं सांगते. नवा पदार्थ बाळाने स्वीकारायला आठ-दहा वेळा द्यावा लागतो म्हणतात, म्हणून मी कॅलेंडरवर भोपळ्याच्या काड्या ओढू लागले. आठ काड्या झाल्या. आठही वेळा भोपळा नवऱ्याने संपवला. नवव्या दिवशी लेकीने तोंड उघडलं, आणि त्याच दिवशी नवऱ्याने जाहीर केलं की भोपळा या घरात यापुढे आला तर तो माहेरी जाईल. तो माहेरीच राहतो, हे त्याच्या लक्षात आणून द्यावं लागलं.

खरी अडचण पदार्थांची नव्हतीच. अडचण मी होते. मी समोर वाटी घेऊन बसले की लेक वाटीकडे न बघता माझ्या गाऊनच्या बटणाकडे बघायची. तिला माझा वास यायचा. तुम्ही हलवायाच्या दुकानात बसून भेंडी खाल का? तेव्हा घरातल्यांनी ठराव करून मला जेवणाच्या वेळी गॅलरीत पाठवायला सुरुवात केली. दार लावून. मी कपडे वाळत घालायची, वाळलेले कपडे काढून पुन्हा घालायची, आणि दाराला कान लावायची.

आतून सासऱ्यांचा आवाज यायचा. सासरे रेल्वेत आयुष्य काढलेले. नवरा त्यांच्याआधी विमान आणून दमला होता. डोंबिवलीच्या मुलीला विमानाचं काय कौतुक. सासऱ्यांनी लोकल आणली. "ठाकुर्ली गेलं... डोंबिवली येतंय..." आणि मग शांतता. मी फटीतून बघितलं. चमचा तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर थांबलेला. सासरेही थांबलेले. ती बघतेय, ते बघतायत. मी बाहेरून ओरडणार होते की घाला ना आता. एक मिनिट गेलं असेल. मग तिने तोंड उघडलं, चमचा आत गेला, आणि बाहेर काहीच आलं नाही.

"सिग्नल नसताना गाडी आत घेत नाहीत," सासरे मला नंतर म्हणाले. "तुम्ही सगळे लाल सिग्नलला गाडी दामटवता."

डॉक्टरांच्या कागदावर चौथ्या ओळीत हेच लिहिलेलं होतं: बाळाने तोंड उघडलं तर द्या, मान फिरवली तर थांबा, बळजबरी नको. मी ती ओळ वीस वेळा वाचली असेल. सासऱ्यांनी कागद बघितलाही नव्हता. त्यांची स्लो लोकल एका वाटीला चाळीस मिनिटं घेते, पण वेळापत्रक पाळते.

बीटाच्या दिवसाबद्दल थोडक्यात. जेवता जेवता वाचत असाल तर हा परिच्छेद गाळा. दुसऱ्या दिवशी सकाळी लंगोट उघडल्यावर मी जो आवाज केला, त्याने वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. डॉक्टरांनी फोनवर फक्त विचारलं, "काल काय दिलंत?"

पंधरवडा संपला, मी ऑफिसला लागले. दूध काढून ठेवणं, सकाळी-रात्री पाजणं चालूच आहे, दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू ठेवा असं सांगितलंय. दुपारी एक वाजता सासूबाईंचा फोटो येतो, रिकाम्या वाटीचा. वाटी रिकामी कुणी केली हे फोटोत दिसत नाही. गेल्या महिन्यात वजन केलं तेव्हा थोडं समजलं. लेकीचं वजन तीनशे ग्रॅमने वाढलं होतं, माझं अडीच किलोने. नवऱ्याने काट्यावर उभं राहायला नकार दिला. पेज, कण्या, खिमट, भोपळा, नाचणी, सहा महिन्यांचं मूल जे जे खातं ते ते सगळं आम्ही तिघं-चौघं संध्याकाळी उभ्या उभ्या वाटीतून पुसून खात होतो. उष्टावण म्हणजे तिचं, अशी माझी समजूत होती.

परवा तिला नऊ महिने पूर्ण झाले. मी ऑफिसातून आले, पर्स ठेवली, तिच्यासमोर जमिनीवर बसले. मेतकूट-भाताचा कार्यक्रम आटोपला होता. अर्धा तिच्या केसात होता. ती जमिनीवर काहीतरी शोधत होती, अंगठा आणि पहिलं बोट जुळवत, सोनार मोती उचलतो तशी. हल्लीच जमायला लागलंय. उचललं, डोळ्यांसमोर धरून नीट पाहिलं. शीत होतं. मला वाटलं आता तोंडात घालेल.

तिने हात माझ्या तोंडाजवळ आणला. वीतभर अंतरावर थांबवला. आणि थांबून राहिली.

मी तोंड उघडलं. शीत कडक होतं. आजच्या भातातलं नव्हतं.