इंग्रजांनी ‘चोरलेला’ बचाव

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय, तुमच्याकडेही येऊन गेला असेल. ‘बुद्धिबळातला किंग्ज इंडियन डिफेन्स हा महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली ब्राह्मणाचा शोध. तो आयुष्यात एकही डाव हरला नाही. इंग्रजांनी त्याची विद्या चोरली आणि त्याचे डाव जाळून टाकले. ही पद्धत मुळात चतुरंगातली, पाच हजार वर्षांची.’ खाली तिरंगे आणि ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’. एरवी मी असलं काही न वाचताच उडवतो. पण माझा भाचा हे शाळेतल्या भाषणात ठोकायला निघाला होता, आणि वर ताई म्हणते, “अरे, देशाबद्दल चांगलंच लिहिलंय ना?” मग लिहायला बसलो.

पाच हजार वर्षांपासूनच सुरुवात करू, कारण तिथे कहर आहे. चतुरंगाचा, म्हणजे बुद्धिबळाच्या जुन्या भारतीय पूर्वजाचा, खात्रीचा उल्लेख बाणभट्टाच्या हर्षचरितात सापडतो, म्हणजे सातव्या शतकात. पण वर्षं सोडा, चाली बघा. किंग्ज इंडियन म्हणजे काळ्याने डाव सुरू करायची एक पद्धत, आणि तिचा सगळा जीव काळ्याच्या एका उंटात असतो. राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचं, त्याच्या मागे उंट बसवायचा, की तो तिथून पटाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मारा धरून बसतो. चतुरंगात इतका लांब पल्ल्याचा उंटच नव्हता! त्या जागेवरचं मोहरं एकदोन घरांपलीकडे जात नसे, आणि मंत्री, म्हणजे आजचा वजीर, बिचारा तिरपं एकच घर चाले. उंटाला आणि वजिराला आजची चाल मिळाली ती पंधराव्या शतकाच्या अखेरीस, युरोपात. ज्या मोहऱ्याच्या जोरावर हा बचाव उभा आहे ते मोहरंच नसताना आपले पूर्वज तो खेळत होते म्हणे.

डाव जाळले, हे तर उफराटंच. महेशचंद्रांचे डाव आज आपल्याला मिळतात ते जॉन कॉक्रन या स्कॉटिश बॅरिस्टरमुळे. तो कलकत्त्यात वकिली करायचा, त्यांच्याशी वर्षानुवर्षं खेळला, आणि ते डाव लंडनला छापून आले. छापले म्हणून उरले.

‘एकही डाव हरला नाही’ हे कुठून आलं असेल याचा मात्र अंदाज येतो. 1850 च्या ‘चेस प्लेयर्स क्रॉनिकल’ या लंडनच्या बुद्धिबळ मासिकात कलकत्ता क्लबातल्या एकाचं पत्र आहे. कॉक्रनसमोर सवलत न घेता टिकेल असा इथे एकच माणूस, तो म्हणजे मोफसलमधला, म्हणजे शहराबाहेरच्या मुलखातला, हा ब्राह्मण. त्याच्या मुलखात तो कधी हरलेला नव्हता, असं त्यात म्हटलंय. त्याच्या मुलखात! कलकत्त्यात येऊन कॉक्रनशी खेळायला लागल्यावर हार-जीत सुरू झाली, आणि जास्त डाव कॉक्रननेच जिंकले. 1855 चा एक डाव तर पटावर मांडून बघाच. अठराव्या खेळीला पांढऱ्याचा घोडा एफ-7 वर, काळ्या राजाच्या शेजारच्या घरात, घुसतो. काळ्याने वजिरावर हल्ला केला तरी घोडा एच-6 वर जाऊन दुहेरी शह देतो, राजा कोपऱ्यात पळतो, वजिराचा बळी, आणि आपल्याच हत्ती-प्याद्यांत कोंडलेल्या राजाला घोड्याची मात. राजा महेशचंद्रांचा.

आता जे खरं आहे ते मान्य करावं लागेल. ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव याच माणसाच्या खेळामुळे पडलं असं मानतात, आणि 1884 मध्ये ते वापरलेलं आढळतं. देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं. त्या सवयीत मुरलेला खेळाडू मधली घरं घाईने बळकावत नाही. प्यादी थोडी सरकवून उंट बाजूला बसवतो. युरोपला हे तेव्हा विचित्र वाटायचं. 1920 च्या दशकात तिथल्याच नव्या मंडळींनी ते डोक्यावर घेतलं, आणि किंग्ज इंडियनला मानाचं पान मिळालं ते 1940 नंतर, ब्रॉनस्टाइन आणि बोलेस्लाव्हस्की या सोव्हिएत खेळाडूंमुळे.

राहिली चोरी. चोरलेल्या मालावर कोणी मूळ मालकाच्या देशाचं नाव घालून मिरवतो का? तक्रारच करायची तर त्या 1855 च्या डावावरून करा. त्यातली काळ्याची सुरुवात आज ग्रुनफेल्ड डिफेन्स म्हणून ओळखली जाते, आणि अर्न्स्ट ग्रुनफेल्डने ती गाजवली 1922 मध्ये, महेशचंद्रांनंतर 67 वर्षांनी. पण ग्रुनफेल्ड पडला व्हिएन्नाचा, त्यामुळे इंग्रजांवर खापर फोडायची सोय तिथेही नाही.