एडिटर ठरला की सुरू करतोच

काम एवढंसंच होतं, एका बटणाचा निळा रंग हिरवा करायचा, एका ओळीतला एक शब्द. पण म्हटलं वेब डेव्हलपमेंट मनावर घेतोच आहोत तर आधी एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्राम, नीट निवडू, आणि तिथेच नमनाला घडाभर तेल गेलं.

टीममधला एकजण म्हणाला, "अरे व्हिम शिक, माउसला हातच लावावा लागत नाही." खरंच नाही लागला, दोन्ही हात डोक्यावर होते. टाइप करायला गेलो तर अक्षरं उमटायचं सोडून असलेल्या ओळीच गायब व्हायला लागल्या, कारण तिथे आधी मोड बदलावा लागतो हे मला कोण सांगणार. कर्सर हलवायला म्हणे एच, जे, के, एल. का, तर १९७६ च्या सुमारास बिल जॉयने व्हिमचा पूर्वज व्हीआय लिहिला तेव्हा त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण त्याच बटणांवर छापलेले होते. कीबोर्ड त्याचा, भोगतोय मी! बाहेर पडायला एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह. ते उद्गारचिन्ह मात्र अगदी मनापासून दाबलं.

अ‍ॅटम नावाच्या एडिटरवर आधी एकदा जीव जडला होता, तो १५ डिसेंबर २०२२ ला बंदच पडला. त्याच्यासाठी बांधलेलं इलेक्ट्रॉन (ज्यावर अ‍ॅप उभी करतात तो सांगाडा) मात्र शाबूत आहे आणि व्हीएस कोड हा दुसरा एडिटर त्याच्यावरच चालतो, म्हणजे मालक गेला आणि भाडेकरू खुशाल नांदतोय.

मग मीही तिकडेच गेलो, सगळे जातात तिकडे. तिथे थीम निवडण्यात संध्याकाळ गेली (काळ्या रंगाच्या इतक्या छटा असतात हे मला माहीतच नव्हतं), मग फॉन्ट, मग एक्स्टेन्शन्स. त्यात कोड आपोआप नीटनेटका करणारी दोन एक्स्टेन्शन्स टाकली, एकाला दोन बरी म्हणून. एकाला कोट एकेरी हवेत, दुसऱ्याला दुहेरी, एकाला टॅब प्रिय तर दुसरं स्पेसवर अडून बसलेलं. मी सेव्ह करायचो की अख्खी फाइल डावीउजवीकडे एक हिसका द्यायची आणि कोट दुहेरीचे एकेरी व्हायचे, परत सेव्ह केलं की परत दुहेरी. शेवटी कोण जिंकतंय बघायला मी नुसतं सेव्ह सेव्ह करत बसलो, मॅच रंगली होती हो!

रात्री कोड पाठवला. दुसऱ्या दिवशी आमची सीनिअर खुर्ची ओढून शेजारीच येऊन बसली. स्क्रीनवर एका बाजूला लाल, एका बाजूला हिरवं, ४१२ ओळी बदललेल्या.

"अरे, रंग बदलायला सांगितला होता की घर पाडायला?"

मी वरपासून खालपर्यंत दोनदा स्क्रोल केलं.

"रंग राहिलाच," मी म्हटलं.