मोजणी, खांदा आणि रिझर्व्ह: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. पहिल्याच दिवशी एक उत्तर लिहिलं होतं, ते खोडलं. त्यात मी नुसती माझी बाजू मांडत बसले होते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गेल्या महिन्याच्या लेखात मी लिहिलं होतं की पॅराशूट बांधून विमानाच्या दारातून एकदा तरी उडी घेतल्याशिवाय माणसाला जगणं कळत नाही. त्यावर तुम्ही विचारलंत, एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेल्या नर्सने हे लिहावं? तिथे टेबलावर आलेल्या माणसांना जगणं कळलं नव्हतं का? त्रेसष्टाव्या वर्षी हा खेळ म्हणजे घरच्यांच्या जिवाला लावलेला घोर आहे, निव्वळ स्वार्थ आहे, असंही तुम्ही म्हणालात. आणि शेवटच्या दोन ओळी भावाबद्दल. तो मोटरसायकलवर गेला, आणि त्याला असेच लेख वाचायला फार आवडायचे.

ते वाक्य मी लेखातून काढलं आहे. तुम्ही दुखावलात म्हणून तर काढलंच, पण मुळात ते खोटं होतं. माझ्या पहिल्या उडीत मला काहीही कळलं नव्हतं. वय पस्तीस, स्टॅटिक लाइनची उडी (विमानाला बांधलेली दोरीच पॅराशूट उघडते ती), साडेतीन हजार फूट. आठवतो तो फक्त वाऱ्याचा आवाज, आणि नंतर एकदम शांतता, आणि खाली लोंबकळणारे माझेच बूट. बुटाची नाडी सुटली होती, ती मी बघत होते. जगण्याबद्दल जे काही थोडंफार कळलं ते थिएटरमध्येच कळलं होतं. बाकीचं फार हळू आणि बरंचसं जमिनीवर.

आता 'ही आत्महत्याच आहे' या तुमच्या शब्दांबद्दल. आकडे सांगायचे तर युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या नोंदींप्रमाणे २०२३ मध्ये तिथे सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि १० माणसं गेली. १९७०च्या दशकात तिथेच वर्षाला सरासरी चाळीसच्या वर माणसं जायची. पण या आकड्यांच्या आड मला लपायचं नाही. गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं पॅराशूट व्यवस्थित उघडलेलं असतं. डोक्यावर चांगली कॅनोपी, म्हणजे उघडलेल्या पॅराशूटचं कापड, असताना, जमिनीजवळ, उतरायच्या घाईत किंवा वेग घ्यायच्या नादात खाली उशिरा वळण घेतलं जातं आणि माणूस जमिनीवर आपटतो. बिल बूथ म्हणून या क्षेत्रातले मोठे संशोधक आहेत. ते म्हणत आले आहेत की साधनं जितकी सुरक्षित होतील तितके उडी मारणारे जास्त धोके पत्करतील आणि हिशोब तिथल्या तिथेच राहील. तेव्हा साधनं चांगली आहेत म्हणून काळजी करू नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

स्वार्थाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण तिथे तुमचं अर्धं बरोबर आहे. ते अर्धं कोणतं ते सांगायला मला थिएटरपासून सुरुवात करावी लागेल.

पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला मॉप वापरतात. पाच-पाचच्या गठ्ठ्याने ते काढायचे, दोघींनी मोठ्याने मोजायचे, फळ्यावर लिहायचे, आणि पोट शिवायच्या आधी पुन्हा मोजायचे. मी सव्वीस वर्षांची होते. मध्यरात्र उलटून गेली होती. पंधरा मॉप टेबलावर घेतले होते, परत आले चौदा. मी सांगितलं. सर म्हणाले, "सिस्टर, तुमची मोजणी चुकलीय, परत मोजा." परत चौदा. "बादलीत असेल बघा." बादली मी हाताने उपसली. तिथेही नव्हता. सरांनी मान वर न करता हात पुढे केला आणि म्हणाले, "कम्प्लीट ना?" मी म्हटलं, "हो सर, कम्प्लीट." आणि सुई-धागा त्यांच्या हातात दिला.

नवव्या दिवशी त्या बाईंचं पोट परत उघडावं लागलं. त्या वाचल्या, पण दोन महिने वॉर्डात होत्या. मला कुणी काही विचारलं नाही. रजिस्टरमध्ये पंधरा हा आकडा माझ्या अक्षरात आहे, खाली माझी सही आहे. हे मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही.

त्यानंतर नऊ वर्षांनी मी उडी मारायला शिकले. तिथे मला पहिल्यांदा वेगळी रीत दिसली. विमानात दार उघडायच्या आधी प्रत्येकाची रिग, म्हणजे पट्ट्यांसकट पाठीवरचं सगळं पॅराशूट, दुसऱ्याने तपासायची असते. पाठीवरच्या पिना तुम्हाला स्वतःला दिसतच नाहीत, त्यामुळे पाठ वळवून 'बघ रे जरा' म्हणावंच लागतं. एकदा वीस-पंचवीस उड्या झालेल्या एका पोराने हजारो उड्या झालेल्या माणसाला सांगितलं, "काका, छातीवरचा चेस्ट स्ट्रॅप नीट ओवलेला नाही." काकांनी खाली पाहिलं, स्ट्रॅप सोडवून परत ओवला, पोराचा खांदा दाबला, आणि विषय संपला. कुणाचा मान गेला नाही. मी शेजारी बसून हे पाहत होते आणि मला ते चौदा मॉप दिसत होते.

पुढे काही महिन्यांनी थिएटरमध्ये तसाच प्रसंग आला. सर्जन वेगळे, पण तसेच ज्येष्ठ. मोजणी एकाने कमी. ते म्हणाले, बंद करतोय. मी म्हटलं, "सर, मोजणी जुळत नाही. मी धागा देणार नाही." माझे हात थरथरत होते. ते चिडले, पण त्यांनी हात परत आत घातला. मॉप यकृताच्या मागे सरकला होता. काम आणि खेळ यांचा काय संबंध, असं तुम्ही विचारलं होतंत. माझ्यापुरता तो एवढाच आहे.

आता ज्याबद्दल मी दोषी आहे ते. चौपन्नाव्या वर्षी मला पहिल्यांदा मुख्य पॅराशूट सोडून द्यावं लागलं, ज्याला आम्ही कटअवे म्हणतो. कॅनोपी उघडली, पण दोऱ्यांना पीळ पडलेला. पीळ पाय झाडून सोडवता येतो, बऱ्याचदा सुटतोही. त्या दिवशी कॅनोपी एका बाजूला कलली आणि मला घेऊन गरगर फिरायला लागली. क्षितिज थाळीसारखं फिरत होतं. उंचीमापकावर तीन हजार, मग सत्तावीसशे. माझी निर्णयाची उंची अडीच हजार फूट आहे. ती मी जमिनीवर, शांत डोक्याने ठरवलेली आहे, म्हणजे वर गेल्यावर वाद घालायचा नाही. उजवीकडचं लाल हँडल, मुख्य पॅराशूट सोडणारं, पाहिलं, धरलं. डावीकडचं रुपेरी, राखीव पॅराशूटचं म्हणजे रिझर्व्हचं, पाहिलं. लाल ओढलं. खांद्यांवर प्रत्येकी तीन कड्या असतात, मोठीत मधली, मधलीत लहान, आणि सगळा भार शेवटी एका छोट्या दोरीच्या फासावर इतका हलका होऊन येतो की बाईमाणसाच्या हातानेही तो सुटावा. ही रचना याच बूथ यांनी १९७०च्या दशकात आणली. कड्या सुटल्या, मी पुन्हा पडायला लागले, रुपेरी ओढलं, आणि रिझर्व्ह उघडलं. पांढरंशुभ्र. मी त्याच्याखाली बसून मोठमोठ्याने रडले.

घरी गेले आणि काहीच सांगितलं नाही. नवऱ्याने विचारलं, कसा होता दिवस? म्हटलं, छान होता. अकरा दिवसांनी रिगरचा, म्हणजे पॅराशूट तपासून घडी घालून देणाऱ्याचा, फोन घरच्या नंबरवर आला, "रिझर्व्ह पॅक करून ठेवलंय, घेऊन जा म्हणावं." फोन त्यानेच उचलला होता. संध्याकाळभर तो गप्प होता. जेवण झाल्यावर भांडी घासता घासता एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी मला रिगरकडून कळू देऊ नकोस."

स्वार्थ म्हणता तो हा. उडी मारण्यात मला तो दिसत नाही, पण त्या अकरा दिवसांत तो शंभर टक्के होता. मी त्याच्यापासून जे लपवलं ते त्याच्याही आयुष्याबद्दलचं होतं.

अमेरिकन हवाई दलातले वैमानिक जो किटिंजर यांची गोष्ट मी याच ब्लॉगवर पूर्वी फार भारावून लिहिली होती. १६ ऑगस्ट १९६० रोजी ते बलूनमधून ३१ किलोमीटरच्या वर गेले आणि तिथून उडी घेतली. चढताना त्यांच्या उजव्या हातमोज्यात दाब भरला जात नव्हता. हात सुजत गेला, त्या वेळेपुरता निकामी झाला. खाली सांगितलं असतं तर मोहीम थांबवली असती, म्हणून ते बराच वेळ बोलले नाहीत. मी त्याला धैर्य म्हटलं होतं. आज मी ते तसं लिहिणार नाही. त्यांच्या हिमतीबद्दल मला शंका नाही, पण खाली रेडिओशी बसलेल्या माणसांच्या बाजूने मी तेव्हा विचारच केला नव्हता. ५२ वर्षांनी, १४ ऑक्टोबर २०१२ला, ऑस्ट्रियाचे फेलिक्स बाउमगार्टनर ३९ किलोमीटरवरून उडी मारायला वर जात होते तेव्हा खाली रेडिओवर त्यांच्याशी बोलायला किटिंजरच होते, वयाच्या ८४व्या वर्षी. चढताना बाउमगार्टनरना वाटलं की हेल्मेटची काच तापत नाहीये. त्यांनी ते सांगितलं. मोहीम रद्द करायची का, यावर खाली विचार झाला, आणि मग पुढे जायचं ठरलं. पूर्वी मला यातली उडीच तेवढी महत्त्वाची वाटायची. आता ते रेडिओवरचं बोलणं मी पुन्हा पुन्हा ऐकते.

वयाबद्दल. शंभरी पार केलेल्या आजी-आजोबांच्या उड्यांच्या बातम्या बघून मला चेव आला असावा, असा तुमचा अंदाज आहे. स्वीडनच्या रुट लार्सन यांनी २०२२ मध्ये १०३व्या वर्षी उडी घेतली, मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. पण ती टँडेम उडी होती. तिथे सगळी हँडल्स मागे बांधलेल्या इन्स्ट्रक्टरच्या हातात असतात. मी एकटी उडी मारते. मुक्त पतनात हजार फूट साडेपाच सेकंदांत जातात, आणि त्या साडेपाच सेकंदांत माझा डावा हात माझा मलाच हलवावा लागतो.

आणि डावा हातच गेला. एकसष्टाव्या वर्षी फ्रोझन शोल्डर झाला. सुरुवातीला नुसता आखडायचा, मी दुर्लक्ष केलं. एका रविवारी नऊ हजार फुटांवर, विमानात, नेहमीप्रमाणे हँडल्सना हात लावून सराव केला. उजवा हात पोचला. डावा मध्येच अडला, मग कोपर वाकवून कसाबसा पोचला. परत केलं. परत तसंच. माझ्या ग्रुपमधली चार पोरं हेल्मेट चढवत होती, आमची हवेतली रचना ठरलेली होती, माझ्यावाचून ती बिघडणार होती. मी विमानातल्या उड्या सांभाळणाऱ्या जंपमास्टरला म्हटलं, "मी उडी मारत नाही. माझा डावा हात रिझर्व्हपर्यंत नीट जात नाहीये." तो म्हणाला, "ठीक, पट्टा लावून बस."

सगळे गेले. दार बंद झालं. उड्यांची विमानं रिकामी झाली की भराभर खाली येतात, कान इतके दुखले की डोळ्यांत पाणी आलं. मोकळ्या केबिनमध्ये मी एकटी, समोर कुणाचा तरी राहिलेला एक हातमोजा. सव्वीस वर्षांत उडी न मारता विमानातूनच परत उतरण्याची ती माझी तिसरी वेळ. आधीच्या दोन वेळा वाऱ्यामुळे सगळेच परतलो होतो. या वेळी मी माझ्यामुळे परतले. घरी येऊन दारातच नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आधी गरम पाण्याने शेकून घे."

सात महिने फिजिओथेरपी केली, मगच परत गेले.

तुमच्या भावाबद्दल मी काय बोलू? मी त्याला ओळखत नव्हते. तो कसा गेला, कुणाच्या चुकीने गेला, हे तुम्ही लिहिलं नाहीत आणि मीही विचारणार नाही. पण तो जे वाचायचा त्यात माझ्यासारख्यांचं लिखाण असू शकतं, हे मला टाळता येत नाही. अशा लेखांत आम्ही दारात उभं राहण्याबद्दल लिहितो. परत उतरलेल्या विमानाबद्दल कुणी लिहीत नाही, मीही लिहिलं नव्हतं. जुने लेख मी एकेक करून वाचते आहे. जिथे मोह पडून मोठं बोलले आहे तिथे दुरुस्ती करेन, आणि दुरुस्ती केली आहे असं खाली लिहीन.

शेवटी तुम्ही विचारलंत, थांबायचं कधी हे तुम्हाला कोण सांगणार? खांद्यानंतर आम्ही तिघांनी मिळून ते ठरवलं आहे, मी, नवरा आणि माझा रिगर. महिन्यातून एकदा सरावाच्या हार्नेसमध्ये, म्हणजे टांगलेल्या पट्ट्यांत, लटकायचं, डोळ्यांवर पट्टी बांधायची, आणि हाक आली की लाल व रुपेरी दोन्ही हँडल्स ओढायची. दोन्ही मिळून तीन सेकंद, त्यापेक्षा एकदाही जास्त लागले तर त्या महिन्यात विमानात बसायचं नाही. लागोपाठ तीन महिने जास्त लागले तर रिग विकायची. स्टॉपवॉच नवऱ्याच्या हातात असतं आणि वहीही त्याच्याकडेच असते. परवा पहिल्या वेळी २.६ आले, दुसऱ्या वेळी ३.२. त्याने दोन्ही आकडे लिहिले आणि वही माझ्यापुढे धरली. मी सही केली. हा महिना मी जमिनीवर आहे.