‘70 टक्के बदल कर्मचाऱ्यांच्या विरोधामुळे फसतात’: एका दाव्याची झडती

बहुराष्ट्रीय कंपन्यांतील सादरीकरणांत आणि लिंक्डइनवरील पोस्टमध्ये एक विधान वर्षानुवर्षे फिरते आहे: संस्थात्मक बदलाचे 70 टक्के प्रयत्न फसतात, माणसाला स्वभावतःच बदल नको असतो म्हणून ते फसतात, तेव्हा बदल जाहीर होताच संवाद आणि प्रशिक्षणाची मोहीम उघडून हा विरोध मावळवला पाहिजे. या विधानाचे तीन भाग आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी कच्चे आहेत.

आधी आकडा. मायकेल हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांनी 1993 साली रीइंजिनिअरिंगवरील, म्हणजे कामाच्या प्रक्रिया मुळापासून नव्याने आखण्यावरील, आपल्या पुस्तकात लिहिले की, ही पद्धत अवलंबणाऱ्या 50 ते 70 टक्के संस्थांच्या पदरी अपेक्षित भव्य परिणाम पडत नाहीत. आणि हा आपला अशास्त्रीय अंदाज आहे, हेही त्यांनी तिथेच नोंदवले. पुढे खुद्द हॅमर यांनी अपयशाचा असा काही ठरलेला दर नसतो, असा खुलासा केला. तरीही 2000 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधील मायकेल बीअर आणि नितीन नोहरिया यांच्या लेखात सर्वच बदलांपैकी सुमारे 70 टक्के फसतात, हे सत्य म्हणून मांडले गेले. ब्रायटन विद्यापीठातील मार्क ह्यूज यांनी 2011 साली या आकड्याचे पाच छापील दाखले तपासले, तेव्हा एकामागेही ग्राह्य पुरावा आढळला नाही. आकडा टिकून आहे, कारण तो सल्लागारांना गिऱ्हाईक मिळवून देतो आणि अपयशी अधिकाऱ्याला सोबत.

दुसरा भाग अधिक गंभीर आहे, कारण तो दोष थेट माणसाच्या स्वभावावर ढकलतो. अमेरिकेत व्हर्जिनियातील मॅरियन येथे हारवुड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. तिथे कामाची पद्धत बदलली की कामगारांचे उत्पादन घसरे आणि अनेक जण नोकरी सोडून जात. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी तिथे केलेला प्रयोग 1948 साली प्रसिद्ध झाला. एका गटाची बैठक घेऊन स्पर्धेमुळे बदल का आवश्यक आहे ते सांगण्यात आले, मोबदल्याचा नवा दर समजावण्यात आला, प्रश्नांना उत्तरेही देण्यात आली. मात्र निर्णय आधीच झालेला होता. या गटातील 17 टक्के कामगारांनी पहिल्या 40 दिवसांतच काम सोडले. ज्या गटांनी नव्या पद्धतीची आखणी स्वतः किंवा प्रतिनिधींमार्फत केली, त्यांचे उत्पादन लवकर सावरले. एवढ्यावर कोणी म्हणेल की पहिल्या गटातली माणसेच हट्टी असतील. परंतु अडीच महिन्यांनी त्याच गटातील उरलेल्या 13 जणांना पुन्हा नव्या कामावर नेताना आखणीत सामील करून घेतले, तेव्हा त्यांचेही उत्पादन झपाट्याने सावरले आणि कोणीही नोकरी सोडली नाही. माणसे तीच होती. बदलली होती ती निर्णयाची रीत.

तिसऱ्या भागाचे उत्तर याच प्रयोगात अर्धे मिळते, कारण पहिल्या गटाला जे मिळाले त्यालाच आजच्या कंपन्या ‘संवाद’ म्हणतात. आता मोठ्या कंपनीतला प्रत्यक्ष क्रम पाहावा. मुख्यालय सर्व देशांसाठी संगणक प्रणाली आणि कामाच्या पद्धतीचा एकच साचा, म्हणजे ‘ग्लोबल टेम्प्लेट’, ठरवते, डिझाइन गोठवले जाते, म्हणजे त्यात पुढे बदल करता येत नाही, आणि बहुधा त्यानंतर कर्मचाऱ्यांना बदलासाठी तयार करणारे चेंज मॅनेजमेंटचे पथक ईमेल, टाउन हॉल म्हणजे सर्वांच्या सभा आणि ‘चेंज चॅम्पियन’ म्हणजे बदलाचा प्रचार करणारे सहकारी घेऊन येते. हिंजवडीतल्या एखाद्या सेवा केंद्रात बिले पास करणाऱ्या लेखापालाला नव्या पडद्यावर टीडीएसचे कलम किंवा जीएसटीचा तपशील नोंदवायला रकानाच सापडला नाही, तर तो शेजारी एक्सेलची फाइल उघडून काम निभावतो. अहवालात त्याची नोंद ‘जुन्या सवयी सुटत नाहीत’ अशी होते. वास्तविक त्याने डिझाइनमधली चूक दाखवलेली असते; फक्त ती ऐकून घेण्याचा अधिकार त्या पथकाला दिलेला नसतो.

लिडल या जर्मन किराणा साखळीने 2011 साली सॅप या कंपनीच्या व्यवसाय-सॉफ्टवेअरवर आधारित नवी प्रणाली उभारायला घेतली आणि सुमारे 50 कोटी युरो खर्चल्याचे वृत्त असताना 2018 साली ती गुंडाळली. साठ्याचे मूल्य खरेदीच्या किमतीने मोजायचे ही कंपनीची रीत, तर प्रणालीची मूळ घडण विक्रीच्या किमतीवर. रीत न सोडता प्रणालीलाच मुरड घालण्याचा खटाटोप महागात पडला, असे तेव्हाच्या बातम्यांत होते. ही निवड गल्ल्यावरच्या कर्मचाऱ्याची नव्हती आणि कितीही प्रशिक्षण दिले असते तरी त्याला ती बदलता आली नसती.

कर्मचारी कधीच अडून बसत नाहीत, असे मात्र नाही. ज्या पुनर्रचनेत आपलीच जागा रद्द होणार, तिला कोणी टाळ्या वाजवणार नाही, आणि युरोपातील अनेक देशांत तर अशा वेळी कर्मचारी परिषदांशी, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींशी, सल्लामसलत करणे कायद्यानेच बंधनकारक असते. मुख्यालयाच्या वेळापत्रकात ही सल्लामसलतसुद्धा ‘विरोधाची जोखीम’ या मथळ्याखाली लिहिली जाते. तिथे ती लिहिणाऱ्यांनी डिझाइन गोठवण्याची तारीख त्या सल्लामसलतीनंतरची ठरवून पाहावी, आणि हिंजवडीतली ती एक्सेल फाइलही त्याआधीच मागवून घ्यावी.